घड्याळाच्या दुकानात व्हिजन थेरपी? तीन दिवसांचा कोर्स करावा की राहू द्यावा?

कृष्णाकाठची_ऑप्टो (कराड):

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, त्यातल्या निम्म्या जागेत माझं चष्म्याचं काउंटर. एकीकडे ते डोळ्याला भिंग लावून बसलेले, दुसरीकडे मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून उभी. बी. ऑप्टोम (दृष्टितपासणीची पदवी) होऊन सहा वर्षं झाली. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे चाळिशी, रात्री गाडी चालवताना समोरचा उजेड खुपतो, आणि "ताई, काच साधीच द्या, ते कोटिंग-बिटिंग नको."

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या तपासणीतून एक मुलगी आली. आठ वर्षांची, तिसरीत. डोळे दिसायला अगदी सरळ. डावा झाकला तर खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. उजवा झाकला तशी माझा हातच बाजूला करायला लागली. डाव्यानं ६/३६, म्हणजे चांगला डोळा छत्तीस मीटरवरून वाचतो ते हिला सहा मीटरवरून. रेटिनोस्कोपीत (डोळ्यात उजेड टाकून नंबर काढतात ती) उजव्याला पाऊण प्लस, डाव्याला साडेचार. म्हणजे डावा आळशी डोळा, मोठ्या नंबरामुळे नीट वापरलाच न गेलेला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवली, त्यांनी थेंब टाकून नंबर पक्का केला, चष्मा दिला आणि रोज दोन तास उजव्या डोळ्याला पट्टी सांगितली. आई तिला पट्टी लावून तांदूळ निवडायला बसवते, बारीक काम झालं पाहिजे म्हणून. चार महिन्यांत ६/२४. आजीचं म्हणणं, डोळा आळशी-बिळशी काही नाही, पोरगीच आळशी आहे.

दुसरा, डिप्लोमाचा एक मुलगा. एकोणीस वर्षांचा, नंबर शून्य, पण अर्धा तास वाचलं की कपाळ ठणकतं आणि ओळीवर ओळ चढते. पेन नाकाकडे आणत गेले तर अठरा सेंटिमीटरवरच दोन दिसायला लागलं. तिसरा अडीच वर्षांचा, एक डोळा आत वळलेला. घरच्यांचं आपलं, "नशीबवान आहे, असू द्या."

आता मुद्दा. व्हॉट्सॲपवर एक माहितीपत्रक आलंय. शनिवार-रविवार-सोमवार, पुण्यातल्या हॉटेलात व्हिजन थेरपीचं, म्हणजे डोळ्यांच्या व्यायामांचं, प्रशिक्षण, फी अडतीस हजार. त्यात सर्टिफिकेट, वर्षभराचं सॉफ्टवेअर, लाल-हिरवे चष्मे आणि दोन वेळचं जेवण. तिरळेपणा ऑपरेशनशिवाय, आळशी डोळा कुठल्याही वयात, शिवाय डिस्लेक्सिया आणि अभ्यासातली एकाग्रता. नवरा म्हणतो करून टाक, पाटीवर एक ओळ वाढेल. सासरे चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाले, "तीन दिवसांत आम्हाला घड्याळाचं मागचं झाकणसुद्धा उघडू देत नव्हते."

कॉलेजात हा विषय होता, पण सायनॉप्टोफोर (दोन डोळ्यांना दोन नळ्यांतून वेगवेगळी चित्रं दाखवणारं यंत्र) आम्ही दुरूनच पाहिला. बाकीच्या वेळी त्यावर कापड घातलेलं असे. तर या कोर्सात खरंच काही असतं का? आणि माझ्यासारखीनं आधी काय शिकावं?

पट्टीवाली_आई (डोंबिवली):

मी डॉक्टर नाही की ऑप्टोमेट्रिस्ट नाही. माझ्या मुलाला पाचव्या वर्षापासून दीड वर्ष पट्टी होती, तेवढ्याच अनुभवावर लिहिते. कोर्सचं मला कळत नाही. पण तुमच्या त्या मुलीच्या आईला एक विचारा, दोन तास म्हणजे घड्याळी दोन तास का?

आमच्याकडे पहिले तीन महिने "दोन तास" चालले होते. मी ऑफिसातून फोन करायचे, सासूबाई म्हणायच्या लावली होती. नंतर उलगडा झाला की दुपारी झोपताना लावायच्या. म्हणजे जेवढा वेळ पट्टी, तेवढा वेळ चिरंजीव झोपलेले. त्यांना बिचाऱ्यांना वाटायचं, औषध लावल्यासारखं आहे, झोपेत जास्त मुरेल. त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

दुसरं म्हणजे चष्म्यावर चढवायची कापडी पट्टी आमच्या कामाची नव्हती. तो मान तिरकी करून नाकाच्या बाजूनं बघायचा. कातडीला चिकटणारी घेतली तर काढताना रडारड आणि गालावर लाल चट्टे. मग काढायच्या आधी कडेनं खोबरेल लावायला लागले आणि एक दिवस जरा वर, एक दिवस जरा खाली चिकटवायचे. काढलेली पट्टी कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीवर लावून त्यावर वाघ-मगर असलं काहीतरी काढायचो. गणपतीपर्यंत भिंतीवर अख्खं जंगल झालं होतं. शाळेत पट्टी पाठवली नाही, एका दिवसात "समुद्री डाकू" झाल्यावर बंद केलं.

जुना_सायनॉप्टोफोर (नाशिक):

ताई, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. अर्धं उत्तर त्यांनीच दिलंय.

मी ऑर्थॉप्टिस्ट, म्हणजे तिरळेपणा मोजणारा आणि डोळ्यांचे व्यायाम करून घेणारा. एका मोठ्या रुग्णालयाच्या तिरळेपणाच्या ओपीडीत सव्वीस वर्षं काढली, आता आठवड्यातून दोन दिवस जातो. तुम्ही कापडाखाली पाहिलेलं ते यंत्र आमच्याकडे रोज चालायचं. एका नळीत वाघ, दुसरीत पिंजरा. पोरानं वाघ पिंजऱ्यात घालायचा. कुणाचा वाघ पिंजऱ्याच्या दाराशी आला की गायब व्हायचा, म्हणजे मेंदूनं तो डोळा तेवढ्यापुरता बंद केला. हे एकदा समोर बसून पाहिलं की सप्रेशन म्हणजे काय, ते पुस्तकाशिवाय कळतं.

आधी तुमची मुलगी. तिला थेरपीपेक्षा चष्मा आणि पट्टीच हवी, आणि ती मिळते आहे. अमेरिकेत बालनेत्रविकारांवर काम करणारा पेडिग नावाचा गट आहे, त्यांनी या बाबतीत आमच्या पिढीच्या बऱ्याच समजुती मोडल्या. २००३ साली त्यांनी मध्यम मंददृष्टीच्या (म्हणजे आळशी डोळ्याच्या), सात वर्षांखालच्या मुलांत दोन तास पट्टी आणि सहा तास पट्टी यांची तुलना केली. चार महिन्यांनी दोन्हीकडे सरासरी २.४ ओळींची सुधारणा, फरक शून्य. आम्ही तोवर पोरांना दिवसदिवस बांधून ठेवत होतो. तुमची मुलगी सुरुवातीला ६/३६ म्हणजे तीव्र गटात होती, आता ६/२४ वर मध्यम गटात आली. तास वाढवायचे का, हे डॉक्टर ठरवतील. पण वरच्या ताईंनी विचारलेला प्रश्न त्यांच्याही आधी तुम्ही विचारा.

आणि तांदूळ. ही समजूत माझीही होती. मी पोरांना मणी ओवायला लावायचो, तुमच्याकडे तांदूळ. २००८ मध्ये याच गटानं सव्वाचारशे मुलांत पट्टीच्या वेळात जवळचं काम आणि लांबचं काम असे दोन गट करून पाहिले. फरक निघाला नाही. तेव्हा त्या पोरीला तांदळातून सोडवा, अंगणात खेळू द्या. फक्त चांगला डोळा झाकलेला असताना रस्त्यावर आणि सायकलवर नको.

आठ वर्षं म्हणजे उशीर झाला का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आजी विचारतील. २००५ चा अभ्यास आहे, ७ ते १७ वर्षांच्या ५०७ मुलांचा. ७ ते १२ या वयात चष्म्याबरोबर पट्टी आणि ॲट्रोपिन (चांगला डोळा धूसर करणारे थेंब) दिलेल्यांपैकी ५३ टक्क्यांत दोन ओळी किंवा जास्त सुधारणा झाली, नुसत्या चष्म्यावर २५ टक्क्यांत. तेरानंतर मात्र फरक जवळजवळ पुसला जातो, आधी कधीच उपचार न झालेल्यांत तो उरतो. म्हणजे "सातव्या वर्षानंतर विसरा" हेही खोटं आणि माहितीपत्रकातलं "कुठल्याही वयात" हेही खोटं.

तो अडीच वर्षांचा तुमच्या काउंटरवरचा नाहीच. आत वळलेला डोळा म्हणजे आधी थेंब टाकून नंबर आणि पडद्याची तपासणी, ती याच आठवड्यात. बऱ्याचदा मोठा प्लस निघतो आणि चष्मा लावल्यावर डोळे सरळ होतात. पण अधूनमधून डोळ्यात गाठ निघते, तेव्हा नशीब वगैरे शब्द घशात अडकतात. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक बाहुली पांढरी दिसते का, एवढं घरच्यांना मोबाइलवर बघायला सांगा. दिसली नाही तरी पाठवायचाच.

राहिला डिप्लोमावाला. थेरपी खरी त्याच्यासाठी.

मुंबई_व्हीटी (विलेपार्ले):

मी व्हिजन थेरपीच करते, पूर्ण वेळ, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं समजा. काका, तुमच्या लिहिण्यातून असं वाटतं की पट्टी सोडून बाकी सगळं बाजारू आहे. तसं नाही. कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सीवर, म्हणजे जवळ बघताना डोळे नाकाकडे पुरेसे न वळण्यावर, २००८ चा मोठा अभ्यास आहे, ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांचा. बारा आठवडे, आठवड्यातून एकदा तासभर दवाखान्यात थेरपी आणि घरी रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. त्यात ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरच्या घरी पेन्सिल नाकाकडे आणण्याच्या व्यायामानं ४३ टक्के. आपण सगळे वर्षानुवर्षं पेन्सिलच सांगत होतो ना? शिकलेला माणूस समोर बसून करून घेतो तेव्हा फरक पडतो, आणि त्यासाठी प्रशिक्षण लागतं.

मंददृष्टीतही नुसती पट्टी हा शेवटचा शब्द नाही. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र, चांगल्या डोळ्याचं मुद्दाम फिकं केलेलं, म्हणजे मेंदूला दोघांची मदत घ्यावीच लागते. याच तत्त्वावरच्या एका हेडसेटला अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी परवानगी दिली. तीन दिवसांच्या कोर्सबद्दल आणि त्या डिस्लेक्सियाबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूला आहे. असल्या जाहिरातींनी आमचंच नाव खराब होतं.

जुना_सायनॉप्टोफोर (नाशिक):

७३ चा आकडा बरोबर. पण त्याच अभ्यासात खोटे व्यायाम दिलेल्या गटातही ३५ टक्के सुधारले, तेही सांगावं. आणि त्याच लोकांनी पुढे २०१९ मध्ये पाहिलं की डोळे नाकाकडे छान वळायला लागले म्हणून वाचन सुधारतं का. खोट्या व्यायामांपेक्षा जास्त सुधारलं नाही. पेनावर डोळे जुळणं एक आणि धडा समजणं दुसरं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्र सांगितलंय, डिस्लेक्सियावर डोळ्यांचे व्यायाम हा उपचार नाही.

दोन डोळ्यांच्या खेळाबद्दल: २०१६ ला आयपॅडवरच्या अशाच एका खेळाची पट्टीशी तुलना झाली, ३८५ मुलं. खेळ वरचढ ठरला नाही. ठरलेल्या खेळापैकी पाऊण हिश्शापेक्षा जास्त खेळणारी मुलं जेमतेम २२ टक्के. पोरं खेळालासुद्धा कंटाळतात, हे मला सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पुढची हेडसेटं चांगली असतील, मी नाही म्हणत नाही.

मी थेरपीविरुद्ध नाही हो. मी तिला घाबरतो, आणि ते एका पेशंटमुळे.

नव्वदीतली गोष्ट. बँकेतला चोवीस वर्षांचा मुलगा, लहानपणापासून एक डोळा आत, लग्न ठरत होतं. आमच्याकडे नवीन यंत्र आणि माझ्या अंगात नवीन मस्ती. सप्रेशन तोडायचंच म्हणून सहा आठवडे लाल फिल्टर आणि सायनॉप्टोफोर. तुटलं. एके दिवशी तो खुशीत म्हणाला, "सर, दोन दिवे दिसतात." मीही खूश. नंतर लक्षात आलं की त्याला ते दोन दिवे एक करताच येत नाहीत, ती क्षमता मेंदूत कधी तयारच झाली नव्हती. सप्रेशन हा त्याचा आजार नव्हता, ती त्याची सोय होती आणि ती मी मोडली. स्कूटरवर बसला की दोन रस्ते. वर्षभर तो चष्म्याच्या एका काचेवर धूसर पट्टी चिकटवून हिंडला. लग्नातल्या फोटोतही पट्टी आहे. पत्रिका मला पाठवली होती, मी गेलो नाही.

तेव्हा त्या तीन दिवसांत मोठ्या माणसाच्या डोळ्याला कधी हात लावायचा नाही, हे शिकवतात का, ते आधी विचारा. गडद होत जाणाऱ्या लाल फिल्टरांची पट्टी घेऊन सप्रेशन किती घट्ट आहे हे मोजायचं असतं. ते मोजल्याशिवाय कुणीही सप्रेशनविरुद्धचा व्यायाम सुरू करत असेल, तर जेवण कितीही चांगलं असो, उठून या.

कृष्णाकाठची_ऑप्टो (कराड):

काका, बँकेतल्या मुलाचं वाचून मी ते माहितीपत्रक परत उघडलं. "प्रौढांसाठी विशेष सत्र" असं सोमवारी दुपारी आहे, जेवणानंतर. फोन करून लाल फिल्टरांच्या पट्टीबद्दल विचारलं. पलीकडचे म्हणाले, मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये सगळं येतं.

पट्टीवाल्या ताई, तुमचा संशय खरा निघाला, जरा वेगळ्या तऱ्हेनं. मुलगी पट्टी घरातून लावून निघते आणि शिकवणीला जाताना कोपऱ्यावर काढून कंपासपेटीत ठेवते. परत येताना पुन्हा लावते. चिकटत नाही म्हणून वर सेलोटेप! आईला वाटायचं पट्टीच हलक्या प्रतीची आहे. आता संध्याकाळी सहा ते आठ, घरात, आजीसमोर. आजीला मी दुकानात बसवून त्यांचाच एक डोळा झाकला आणि दुसऱ्यापुढे धूसर काच धरून सुई ओवायला दिली. पोरगी आळशी आहे, हे त्या आता म्हणत नाहीत. सेलोटेप मात्र आजीच्याच कपाटातला होता असं कळतं.

अडीच वर्षांच्या मुलाला पाठवला. पडदा चांगला आहे, दोन्ही डोळ्यांना पाच प्लस निघाला. चष्मा लागल्यापासून डोळे बरेच सरळ राहतात, काढला की पुन्हा आत. घरचे म्हणतात चष्म्यानं सवय लावली. त्यांच्याशी अजून भांडण चालू आहे.

आता काउंटरवरचं सांगा. कव्हर टेस्ट, म्हणजे एक डोळा झाकून दुसरा हलतो का बघणं, मी करते, पण छोटा तिरळेपणा माझ्या नजरेतून सुटतो अशी शंका आहे.

जुना_सायनॉप्टोफोर (नाशिक):

टॉर्च दाखवून करत असाल तर सुटणारच. उजेडाकडे कसंही बघता येतं, बारीक चित्राकडे नेमकंच बघावं लागतं. आइस्क्रीमच्या काडीवर छोटा मारुतीचा स्टिकर लावा आणि गदा कुठल्या हातात आहे, शेपटी कुठे गेली, असं विचारत राहा. डोळा झाका आणि बघा मात्र उघड्या डोळ्याकडे. नवीन पोरं झाकलेल्याकडेच बघत बसतात. झाकणी तीन सेकंद ठेवा, घाई नको. उघडा डोळा स्टिकर पकडायला इवलासा सरकला तर तिरळेपणा आहे. ती हालचाल गव्हाच्या दाण्याएवढीसुद्धा नसते. शंभर सरळ डोळे पाहिल्यावर पहिला वाकडा ओळखू येतो, म्हणून दुकानात येणाऱ्या प्रत्येक चाळिशीवाल्यावर करा.

आणि मंददृष्टीचं पोर एकेक सुटं अक्षर छान वाचतं, पूर्ण ओळ दिली की अडखळतं. तुमचं ६/२४ सुट्या अक्षरावरचं आहे की ओळीवरचं, ते तपासा. मागच्या वेळी एक आणि या वेळी दुसरं वापरलं असेल तर सुधारणा कागदावरचीच.

अडतीस हजार ठेवा बाजूला. एखाद्या शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या तिरळेपणाच्या ओपीडीत आठवड्यातून एक दिवस बसायला मिळतं का, अर्ज करून बघा. उभं राहायला लागेल, कुणी शिकवणार नाही, पण दिवसाला तीस-चाळीस डोळे दिसतील.

मुंबई_व्हीटी (विलेपार्ले):

काका म्हणतात ते करा, आणि त्यातून वेळ मिळाला तर दोन दिवस माझ्याकडेही येऊन बसा. फी नाही. डिप्लोमावाल्याला दोरी सुरू केलीत का? त्याला कॉम्प्युटर लागत नाही. अडीच-तीन मीटर पांढरी दोरी, तीन रंगीत मणी. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं त्यानं नाकाच्या शेंड्याला धरायचं. मधल्या मण्याकडे बघताना मणी एकच दिसला पाहिजे, दोरी मात्र दोन, मण्यावर फुली मारल्यासारख्या. एक दोरी नाहीशी झाली तर एक डोळा रजेवर गेला. फुली मण्याच्या पुढे की मागे पडते तेही विचारा, डोळे नेमके कुठे जुळतात ते त्यावरून कळतं.

कृष्णाकाठची_ऑप्टो (कराड):

दोन आठवड्यांनी लिहितेय. पुण्याला एका ठिकाणी दर गुरुवारी उभं राहायची परवानगी मिळाली. पहाटेची एसटी. पहिल्या दिवशी चौतीस मुलं पाहिली, त्यातली सहा मला आधी सरळ वाटली होती. तिरळेपणाचा कोन मोजायला प्रिझम बार (प्रिझमांची पट्टी) घ्यायचाय. एक जुना निम्म्या किमतीत मिळतोय, थोडे चरे आहेत. घ्यावा?

जुना_सायनॉप्टोफोर (नाशिक):

बारीक चरे चालतील, टवका नको. प्लास्टिकचा असेल तर स्पिरिटनं पुसू नका, साबणाचं पाणी आणि मऊ कापड. मोठा कोन मोजताना एकाच दिशेचे दोन प्रिझम एकाच डोळ्यापुढे एकावर एक धरू नका, बेरीज चुकते. एकेक दोन डोळ्यांत वाटून द्या. सहा सुटले म्हणता, माझे पहिल्या दिवशी अकरा सुटले होते.

कृष्णाकाठची_ऑप्टो (कराड):

घेतला.

दोरीचे मणी कासाराकडचे आहेत. भोकं बारीक होती, ती सासऱ्यांनी घड्याळाच्या ड्रिलनं मोठी करून दिली, वर "हा कोर्स किती दिवसांचा?" असं विचारूनही घेतलं. काल डिप्लोमावाल्याला बसवला. आधी म्हणाला, एकच दोरी आहे. म्हटलं, पापण्या मिटून उघड, निळ्या मण्याकडे बघत राहा. बराच वेळ गप्प बसला. मग एकदम मागं सरकून खिडकीकडे बघायला लागला आणि म्हणाला, "मॅडम, ही दुसरी दोरी कधी बांधली?"